भंडारदऱ्याला तंबूत राहायला जाताना मुलांनी आपली बॅग आपणच भरावी म्हणून

तुमचा प्रश्न वाचला. मुलगी पाच वर्षांची, मुलगा आठचा, जानेवारीत भंडारदऱ्याला दोन रात्री तंबूत राहायचंय, यादी करून दिली तरी दोघं खेळणीच भरतात आणि शेवटी सगळं तुम्हालाच भरावं लागतं. माझी दोन मुलं आणि सोसायटीतली पोरं घेऊन बरीच वर्षं असं फिरतेय, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पहिलं म्हणजे यादी बाजूला ठेवा. आमच्या पहिल्या कॅम्पला सगळ्यांच्या बॅगा मीच भरल्या होत्या, अगदी घड्या घालून, एकेक कपडा पिशवीत. रात्री दीड-दोनला लेकीला शूला लागली, तंबूत मिट्ट काळोख, मी विचारलं टॉर्च कुठाय, तर म्हणते, "मला काय माहीत, तू भरलीयस." खरंच होतं ते, आणि मलाही आठवेना. अख्खी बॅग उपसली, त्या प्लास्टिकच्या पिशव्यांची चुरचुर एवढी की शेजारच्या तंबूतलं बाळ उठलं, टॉर्च निघाला पार तळाशी चपलांच्या खाली, तोवर तिची पँट ओली झालेली आणि पोरगी थंडीने कुडकुडत रडतेय. तेव्हापासून आमच्याकडे एकच नियम, जो वापरणार त्यानेच भरायचं, आणि भरलेलं डोळे मिटून काढता आलं पाहिजे.

आता शिकवायचं कसं. पाच वर्षांच्या मुलीला वाचता येत नाही, पण स्वतःचं अंग तर माहितीय ना. जमिनीवर जुनी चादर अंथरा, तिला उभी करा आणि डोक्यापासून पायापर्यंत हात लावत विचारा, डोक्याला काय? कानटोपी. दातांना? ब्रश. अंगाला? स्वेटर. हातांना डास चावू नयेत म्हणून? ओडोमॉस. पायांना? मोजे. ती एकेक वस्तू स्वतः कपाटातून आणून चादरीवर ठेवेल. वेळ लागतो, मोजे शोधायला दहा मिनिटं जातात, जाऊ देत, तुम्ही उठून आणून देऊ नका.

आठ वर्षांच्या मुलाला हे बाळबोध वाटेल. त्याला संध्याकाळपासून सकाळपर्यंत चालवा. ऊन गेलं, धरणावरून वारा सुटला, आता काय घालशील? जेवायला बसलो, कशात जेवशील? (ताटली, पेला, चमचा प्रत्येकाचा आपला.) झोपलो, खालून जमीन गार लागतेय. इथे थांबा, कारण हे मोठ्यांच्याही लक्षात येत नाही, पांघरूण कितीही जाड असलं तरी थंडी जमिनीतून वर येते, म्हणून खाली सतरंजी किंवा योगा मॅट पाहिजेच, आणि दिवसभर घातलेले मोजे घामाने ओलसर असतात, ते घालून झोपलं की पाय गरमच होत नाहीत, म्हणून फक्त झोपायचा एक कोरडा जोड वेगळा. मग सकाळ. बूट रात्री बाहेर राहिले तर दवाने ओले होतात, म्हणून ते तंबूत आणून ठेवायला एक पिशवी. आणि घालायच्या आधी उलटे करून झटकायचे, विंचू-किडा आत बसलेला असू शकतो, हे घरीच दहा वेळा करून घ्या म्हणजे सवय लागते.

टॉर्चबद्दल एक. बॅगेत बटण दाबलं जातं आणि पोचेपर्यंत सेल संपलेले असतात, म्हणून एक सेल उलटा घालून न्यायचा आणि तिथे गेल्यावर सरळ करायचा. मुलांना हे करायला भारी आवडतं. टॉर्चची जागा कायमची ठरवा, आमच्याकडे बाहेरचा छोटा कप्पा. शिट्टी मात्र बॅगेत नको, गळ्यात. हरवलं तर आहे तिथेच थांबून तीनदा फुंकायची, उगाच वाजवायची नाही.

वजनाचंही बघा. शाळेच्या दप्तरासाठी केंद्र सरकारच्या २०२० च्या धोरणात मुलाच्या वजनाच्या १० टक्क्यांची मर्यादा दिलीय, मी तीच धरते. मुलगी १८ किलोची असेल तर बॅग पावणेदोन किलोच्या आसपास, त्यात एक लिटर पाणी म्हणजेच एक किलो, त्यामुळे तिला अर्ध्या लिटरची बाटली द्या. तिच्यासमोर वजनकाट्यावर ठेवा, जास्त भरलं तर काय काढायचं ते तिला ठरवू द्या. एक आवडतं खेळणं मात्र चालेलच, त्यावर वाद घालू नका, अनोळखी अंधारात झोपताना त्याचा फार आधार असतो.

ते काही ना काही विसरतील. गुपचूप कोंबू नका. माझा मुलगा एकदा चमचा विसरला, सगळे गरम मॅगी खातायत आणि हा ताईचा चमचा रिकामा व्हायची वाट बघत बसलेला, पुढच्या वेळी सगळ्यात आधी चमचा भरला. पण थंडी आणि औषधं यात प्रयोग नकोत हं, एक जादा स्वेटर, मोजे आणि सगळी औषधं तुमच्या बॅगेत असू द्या, फक्त त्यांना सांगू नका.

आणि जाताना वस्तू मोजून न्यायच्या, अकरा तर अकरा, परत निघताना तीच चादर पसरून पुन्हा अकरा मोजायच्या, कारण टोप्या आणि चमचे जातात ते परतीच्याच घाईत.

या शनिवारी रात्री हॉलमधले दिवे घालवून दोघांना आपापल्या बॅगेतून टॉर्च काढायला सांगा. धाकटीला किती वेळ लागला ते नक्की कळवा, मग बॅगेत काय कुठे ठेवायचं ते बघू.