किल्ल्याखालचे सात घोडे

प्रिय सई,

परवा जेवताना तू विचारलंस, "आई, घोडेस्वार रणगाड्यांवर धावून गेले ही गोष्ट खोटी निघाली. मग आपल्या सात घोड्यांची गोष्ट कुणी बनवली?" बाबा हसला. मी वरण वाढत राहिले. राग नाही आला, पण लागलं. तोंडी सांगायला गेले तर तू डोळे फिरवणार आणि माझा आवाज चढणार, म्हणून लिहितेय.

पोलंडमधल्या क्रोयान्तीच्या त्या लढाईबद्दल तुझ्या इथल्या शाळेनं सांगितलं ते बरोबरच आहे. १ सप्टेंबर १९३९, युद्धाची पहिलीच संध्याकाळ. होयनित्सेजवळ अठराव्या उलान (पोलिश घोडदळ) रेजिमेंटचे अडीचशेच्या आसपास स्वार जर्मन पायदळाच्या एका बटालियनवर तुटून पडले. मागे हटणाऱ्या पोलिश पायदळाला ब्रदा नदीकडे सरकायला थोडा वेळ मिळावा, एवढ्यासाठी. जर्मन पायदळ पांगलंही. मग झाडीतून चिलखती गाड्या आल्या, मशीनगन सुरू झाल्या, आणि उघड्या माळावर घोड्याला आडोसा कुठला मिळणार? कर्नल मास्तालेश तिथेच पडले. दुसऱ्या दिवशी इटालियन पत्रकारांना ती जागा दाखवली, तोवर रणगाडे येऊन उभे राहिले होते. मेलेले घोडे आणि रणगाडे एका नजरेत दिसले, झाली बातमी. जर्मनांनी ती थट्टा म्हणून पसरवली आणि पुढं कितीतरी लोकांनी तीच कौतुकानं सांगितली. थट्टा आणि कौतुक एकाच खोट्यावर पोसलं गेलं, याचं मला नवल वाटतं.

आता आपले सात.

गडहिंग्लजला दिवाळीची सुट्टी लागली की तात्या माळ्यावरून पोती काढायचे. दगड-विटा रचायच्या, तांबड्या मातीच्या चिखलात पोती बुडवून वर पसरायची, उतारावर हळीव पेरायचे. बुरूज बंडूमामाचे, पायऱ्या माझ्या. मावळे बाजारातून यायचे, पण घोडेस्वार महाग, म्हणून दर वर्षी एखाददुसराच वाढायचा. एका घोड्याचा पुढचा पाय मोडलेला होता. तात्यांनी त्याला आगकाडीचा पाय केला, सांध्याला एम-सील लावलं, आणि तो घोडा कायम सर्वांत पुढं. प्रतापराव गुजरांचा.

गल्लीत सगळ्यांच्या किल्ल्यावर महाराज असायचे. आमच्या एकट्यांच्या किल्ल्याखाली नेसरीची खिंड असायची, तुळशीकट्ट्याजवळ दोन विटांच्या फटीत. नेसरी आमच्या शेजारची ना, म्हणून तात्यांना त्या खिंडीचं भारी. संध्याकाळी पणत्या लागल्या की ते सुरू करायचे: उमराणीला प्रतापरावांनी विजापूरच्या बहलोलखानाचं पाणी तोडलं, खान गयावया करू लागला, यांनी सोडला. महाराज रागावले. खान पुन्हा चालून आला तेव्हा निरोप गेला, त्याला बुडवल्याशिवाय तोंड दाखवू नका. पुढचं, म्हणजे फक्त सहा स्वार घेऊन प्रतापराव नेसरीच्या खिंडीत खानाच्या फौजेवर तुटून पडले ते, सांगताना तात्या उभेच राहायचे. एकदा आजी पीठ लागलेल्या हातांनी दारात आली नि म्हणाली, "त्या सहाजणांच्या बायकांनी काय केलं, तेबी सांगा की." तात्या म्हणाले, "इतिहासात ते नसतंय." तेव्हा मला आजीचाच राग आला होता. रंगाचा बेरंग केला म्हणून.

मोठी झाल्यावर मी थोडं वाचलं, तुला सांगायला हरकत नाही. सभासदाची बखर पुढं वीसेक वर्षांनी लिहिलेली. तिच्यात महाराजांचा राग आहे, नेसरीची मोठी लढाई आहे, सरनोबत, म्हणजे सेनापती प्रतापराव, तलवारीच्या वारानं पडले हेही आहे, पण 'सात' नाहीत. सहा स्वारांसह अरुंद वाटेत मारले गेले, ही बातमी १६७४ च्या इंग्रजांच्या पत्रव्यवहारात येते. त्या सहांची नावं बंडूमामा घडाघडा म्हणतो, पण त्या नावांवर अभ्यासकांचं एकमत नाही. म्हणजे सांगणाऱ्यांनी भर घातली असणार, हे मला कबूल आहे. पण प्रतापराव गेले हे खरं. त्यांच्या जागी हंबीरराव मोहिते सरनोबत झाले, त्याच वर्षी ६ जूनला राज्याभिषेक झाला, आणि प्रतापरावांची मुलगी राजारामांना केली. महाराजांना ती बोच राहिली असावी, असं आपलं मला वाटतं.

आणि खरं सांगू? क्रोयान्तीला निदान हिशेब होता. नेसरीला काय होतं? वर्मी लागलेला एक निरोप. सरनोबतानं फौज मागं ठेवून असं जावं का? तात्यांसमोर हे बोलायची माझी अजून छाती होत नाही. तरी दर दिवाळीला मी बाल्कनीत ते घोडे मांडते. पटतं म्हणून मांडते की माहेरची आठवण म्हणून, हे तू विचारलंस तर मला पटकन सांगता येणार नाही.

तुझ्या इथल्या मैत्रिणींना हे सगळं अगदीच परकं वाटेल असं समजू नकोस. क्रोयान्तीला दर सप्टेंबरला लोक जमतात, घोडे येतात, मुलं खांद्यावर बसून बघतात. आणि याच युद्धात घरदार गेलेली पाचेक हजार पोलिश माणसं, बहुतेक बायका आणि मुलं, १९४३ ते ४८ कोल्हापूरजवळ वळिवड्याच्या छावणीत राहिली. तुझे पणजोबा तिथं दूध घालायचे. वॉर्सोत आपण त्या छावणीचं स्मारक पाहिलं तेव्हा तू आइस्क्रीमसाठी रडत होतीस, म्हणून नीट सांगता आलं नाही.

यंदा किल्ला करायचा की नाही, ते तू ठरव. माझी जबरदस्ती नाही (बाबा मात्र पोती मिळत नाहीत म्हणून आयकियाच्या निळ्या पिशव्या कापायला निघालाय, त्याला आवर). केलास आणि घोडे लावलेस, तर खिंडीच्या पाटीवर तुला खरं वाटतं तेवढंच लिही, मराठीत नाहीतर पोलिशमध्ये. तात्या व्हिडिओ कॉलवर पाटी वाचून वाद घालतील. घालू देत. आवाज फारच चढला तर फोन आजीकडे द्यायला सांग.

तुझी,
आई