यीस्टच यीस्टला मारतं?

प्रश्न: ताई, मी नागपुरात मायक्रोबायोलॉजी शिकते. कॅन्डिडाचे (माणसाला संसर्ग करणारी एक यीस्ट) स्ट्रेन, म्हणजे उपप्रकार, ओळखायला म्हणे दुसरी यीस्टच वापरायचे, ते कसं काय?

उत्तर: अगं, काही यीस्ट विष सोडून आपल्याच भाईबंदांना मारतात, हे १९६३ मध्ये सॅकरोमायसिसमध्ये, म्हणजे पाव फुगवणाऱ्या यीस्टमध्ये, दिसलं होतं. मग १९८३ ला इटलीतल्या संशोधकांनी मस्त डोकं लावलं, कॅन्डिडा अल्बिकन्स आगरमध्ये (जंतू वाढवायच्या जेलीत) मिसळायचं, वर वेगवेगळी किलर यीस्ट लावायची, ज्यांच्याभोवती वाढ थांबली ती नोंदवायची आणि त्यावरून स्ट्रेनचा कोड बनवायचा. स्वस्त काम. पण पीएच अन् टेम्परेचर सांभाळावं लागतं, बरीचशी विषं उष्णतेनं बाद होतात, त्यामुळे मे महिन्यात आपल्या नागपुरात एसी बंद पडला की झालंच कल्याण! अन् कोड जुळला म्हणजे स्ट्रेन एकच असं नाही हं, त्यासाठी आता डीएनए टायपिंगच करतात.