निर्णय कोणी घेतला, ते आधी विचार

प्रिय पोरी,

टांझानियाचा अभ्यास करता करता तुझं मन खट्टू झालं, हे पत्रातून कळलं. पहिले राष्ट्राध्यक्ष न्येरेरे यांच्यासारखा सच्चा, साधा नेता, देशाने समाजवादाची वाट धरल्याचं सांगणारा १९६७ चा अरुशा जाहीरनामा, आणि दहा वर्षांच्या आत बाहेरून धान्य आणायची पाळी. ‘मग समाजवादच चुकला का?’ असं विचारतेस. इतका घाऊक प्रश्न विचारू नकोस. निर्णय कोणी घेतला, ते आधी विचार.

त्याच देशात, रुवुमा भागात, डझनभराहून जास्त गावांनी आपणहून सामुदायिक शेती उभी केली होती. लिटोवा गावात त्यांची स्वतःची शाळा होती. काय पेरायचं, कोणी किती राबायचं, ते गावकरीच बसून ठरवत. न्येरेरेंच्या मनातलं खेडं याहून वेगळं नव्हतं. आणि १९६९ मध्ये न्येरेरेंच्या सत्ताधारी पक्षानेच या गावांची संघटना मोडीत काढली! पक्षाला न विचारता माणसं स्वतःचं स्वतः ठरवत होती, हेच खुपलं. चार वर्षांनी हुकूम निघाला: सगळ्यांनी खेड्यांत एकत्र राहायलाच हवं. लाखो माणसं हलवली, लोक परत फिरू नयेत म्हणून कुठे कुठे घरं पाडली. आपल्या रानातली कुठली पट्टी ओल धरते हे ज्याला पाठ, त्याला आखून दिलेल्या रांगेत नेऊन बसवलं. दुष्काळ होता, तेल महागलं होतं, सगळं खरं. पण त्याच्या आड लपू नकोस.

घानातही तेच. कोको खरेदीचं मंडळ इंग्रजांनी १९४७ मध्ये काढलेलं. १९५७ मध्ये देश स्वतंत्र झाला, तरी भाव वरूनच ठरत राहिला. कारखान्यांना भांडवल हवंच होतं, घानाचे नेते एन्क्रुमा यांनी ते कोकोच्या पैशाशिवाय दुसरं कुठून आणायचं होतं? पण कोको पिकवणाऱ्याला कोणी विचारलं?

माझे बरेच सोबती नव्वदनंतर बाजाराचे गोडवे गाऊ लागले. मला हट्टी म्हणतात, म्हणोत. टांझानियात शाळा खेडोपाडी पोचल्या, प्रौढ माणसं लिहा-वाचायला शिकली, ते कुठल्या बाजाराने केलं नव्हतं. आणि १९८६ मध्ये टांझानियाचा आंतरराष्ट्रीय नाणेनिधीशी कर्जाचा करार झाला, तेव्हा तरी शेतकऱ्याला कोणी विचारलं? हुकूम देणारे बदलले, एवढंच. म्हणून मी समाजवाद सोडला नाही. मालकी सरकारची झाली की काम झालं, हे मात्र मी कुणाकडूनही ऐकून घेत नाही, तुझ्याकडूनही नाही.

रुवुमा तू तळटीपेत ढकललं आहेस, त्याचा मला राग आलाय. ते पहिल्या प्रकरणात घे आणि नव्याने लिहून पाठव.

तुझा,
काका