डीएनएचा रोबोट फक्त कॅन्सरच्या गाठीतच औषध सोडतो म्हणे, नवी मुंबईत मिळेल का?

तुमच्या मावशीची केमो खारघरला चालू आहे आणि हा व्हिडिओ बघून तुम्ही विचारताय, तर सरळ सांगतो, नाही मिळणार. इथेच काय, कुठल्याच देशात पेशंटसाठी अजून मंजूर नाहीये.

पण व्हिडिओ अगदीच थाप नाही. मी महापेला एका कंपनीत डीएनएचे छोटे तुकडे बनवायचं काम करतो म्हणून थोडं माहितीये. 2006 ला अमेरिकेतल्या कॅलटेक विद्यापीठाच्या पॉल रोथमुंडने एका व्हायरसचा सातेक हजार बेसचा (बेस म्हणजे डीएनएची अक्षरं) लांब डीएनए धागा घेतला, त्यात डीएनएचे दोनशेच्या वर छोटे तुकडे टाकले, गरम करून सावकाश थंड केलं की हे तुकडे धाग्याला ठरलेल्या जागी टाके घालतात आणि हवा तो आकार आपोआप बनतो. रोबोट म्हणजे एवढंच, मोटार-बिटार काही नाही.

2018 ला चीन-अमेरिकेच्या टीमने अशी नळी उंदरांना दिली. आत केमो नव्हतीच, थ्रॉम्बिन होतं, रक्त गोठवणारं. गाठीतल्या रक्तवाहिन्यांवर न्यूक्लिओलिन नावाचं प्रोटीन असतं, ते भेटलं की नळी उघडते, तिथलं रक्त गोठतं आणि गाठीचा पुरवठा बंद. भारी आहे, पण उंदरांत!

केमोचं ते लाल औषध, डॉक्सोरुबिसिन, डीएनएच्या शिडीच्या पायऱ्यांमध्ये शिरून बसतं, त्यामुळे अशा आकारांत भरायला सोपं, वर अडकलेलं असताना त्याची चमक मंदावते आणि सुटलं की वाढते, म्हणजे औषध सुटलं का ते मायक्रोस्कोपखाली दिसतं. पेशींच्या आत डोकावण्यात आपल्याकडेही काम झालंय, बंगळुरूत यमुना कृष्णन यांच्या ग्रुपने 2009 ला जिवंत पेशीतला पीएच, म्हणजे आम्लपणा, मोजणारं डीएनएचं यंत्र दाखवलं. मला विचाराल तर माणसांत आधी तपासणीसाठीच वापर होईल.

अडतं कुठे, तर रक्तातली एन्झाइम्स डीएनए कुरतडतात, आकार टिकायला लागतं तेवढं मॅग्नेशियम रक्तात नसतं, आणि बराचसा माल लिव्हर-किडनीच ओढून घेतात. वरून कोटिंग देतात, पण जास्त झालं तर गाठ ओळखून नळी उघडणारं कुलूपच झाकलं जातं.

तेव्हा याच्या नावाने कोणी अ‍ॅडव्हान्स मागितला तर देऊ नका. त्यापेक्षा मावशींना ते लाल औषध चालू असेल तर डॉक्टरांना लायपोसोमलबद्दल विचारा, तेच औषध चरबीच्या बारीक फुग्यात भरलेलं, अमेरिकेत 1995 पासून मंजूर आहे, हार्टला त्रास कमी होतो. मात्र सगळ्यांना लागू पडत नाही आणि काहींचे तळहात-तळपाय लाल होऊन सोलतात, तेही विचारून घ्या.