8 लाखांची गाडी, पुण्यातला खर्च आणि कर

शोरूमची किंमत 8 लाख, मग कोटेशन सव्वानऊच्या वर कसं गेलं आणि रोड टॅक्स भरूनही टोल का, हे तुमचे दोन्ही प्रश्न रास्त आहेत.

त्या 8 लाखांतच 18 टक्के जीएसटी, म्हणजे सुमारे 1 लाख 22 हजार, आधीच बसलेला आहे. छोट्या गाड्यांवर हा दर सप्टेंबर 2025 पासून आहे. वर आरटीओचा एकरकमी कर, म्हणजेच रोड टॅक्स: पेट्रोल गाडीला 10 लाखांपर्यंत 11 टक्के, म्हणजे 88 हजार. थर्ड पार्टी विमा, म्हणजे दुसऱ्याच्या नुकसानीचा, नव्या गाडीला एकदम तीन वर्षांचा घ्यावाच लागतो. बाकीचा विमा मात्र बाहेरून भाव काढून घ्या. 'हँडलिंग चार्जेस' लावले असतील तर सरळ खोडायला सांगा, तो सरकारी कर नव्हे.

हे 88 हजार गाडी पार्किंगमध्ये उभी राहिली तरी गेलेच. खरा वाहता कर पेट्रोलमध्ये आहे, आणि तो कोणी मोजत नाही. एप्रिल 2025 च्या वाढीनंतर केंद्राचं उत्पादन शुल्क लिटरला 21.90 रुपये झालं. ते धरून होणाऱ्या किमतीवर राज्याचा 25 टक्के व्हॅट, म्हणजे करावर कर, आणि वर लिटरला 5.12 रुपये. त्या दराने हे सगळं मिळून लिटरमागे 40 रुपयांच्या वर जातात. कोथरूड-हिंजवडी रोज जाऊन-येऊन महिन्याला 50 लिटर जळलं, तर त्याच दराने पावणेचार वर्षांच्या आतच हा कर त्या 88 हजारांच्याही पुढे जातो.

राहिला टोल. आरटीओचा कर राज्याच्या तिजोरीत जातो, शहरातले बहुतेक रस्ते महापालिकेकडे आहेत, आणि मुंबई-पुणे द्रुतगती मार्गासारखे रस्ते टोलच्या भरवशावर बांधलेले. या द्रुतगती मार्गावर कारचा एका फेरीचा टोल एप्रिल 2023 मध्ये 320 झाला. फास्टॅगचा वार्षिक पास तिथे चालत नाही, तो राष्ट्रीय महामार्गांसाठी आहे. सातारा-कोल्हापूर वारंवार होत असेल तर खेड शिवापूरच्या टोलनाक्यावर उपयोगी पडेल. कर भरूनही वाकडच्या खड्ड्यांतून जावं लागतं, हा संताप मलाही येतो.

रोजचं हिंजवडी असेल तर पेट्रोल घेऊ नका. सीएनजीवर व्हॅट 3 टक्केच आहे, फक्त पंपावरची रांग सोसायची तयारी ठेवा. सोसायटी चार्जरला परवानगी देत असेल तर इलेक्ट्रिकच बघा: जीएसटी 5 टक्के, आणि तुमच्या बजेटमध्ये रोड टॅक्स शून्य. गाडी फक्त शनिवार-रविवारी निघणार असेल, तर मात्र साधी पेट्रोल पुरे.