लेक म्हणते, पॅथॉलॉजी

न्यू जर्सीहून एका आईचं पत्र आलंय. लेक मेडिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे. घरात सगळ्यांनी कार्डिऑलॉजी गृहीत धरली होती, ती मात्र पॅथॉलॉजीवर अडून बसलीये. ‘एवढं शिकून रक्त-लघवीच तपासायची का?’ असं आईने विचारलंय.

ताई, तुमच्या डोळ्यांपुढे आपल्या गल्लीतली लॅब आहे, सकाळी उपाशीपोटी नंबर लावायचो ती. लेकीच्या मनात दुसरंच काही असणार. ऑपरेशन चालू असताना काढलेला तुकडा गोठवून त्याचे पातळ काप करतात. त्याला फ्रोझन सेक्शन म्हणतात. गाठ काढली, पण कडेला कॅन्सर उरलाय का, हे पॅथॉलॉजिस्ट वीसेक मिनिटांत सांगते. तोवर सर्जन हातमोजे घालून ताटकळत उभा! पेशंटला मात्र तिचं नावही कळत नाही.

डॉक्टर झाल्यावरची वर्षं मोजायची तर कार्डिऑलॉजीला मेडिसिनची 3 आणि फेलोशिपची, म्हणजे त्यापुढच्या खास प्रशिक्षणाची, 3. पॅथॉलॉजीची रेसिडेन्सी, म्हणजे हॉस्पिटलात काम करत घ्यायचं त्या शाखेचं प्रशिक्षण, साधारण 4 वर्षांची, आणि त्यावर बरेच जण एखादं वर्ष फेलोशिप करतात. म्हणजे ती काही सोपी पळवाट नाही.

तरी एक गोष्ट तिला विचाराच, पण जेवणाच्या टेबलावर सगळ्यांसमोर नको. पॅथॉलॉजी आवडली म्हणून हवीये, की वॉर्ड नकोसा झाला म्हणून? तिसऱ्या वर्षी मुलं सर्जरी, मेडिसिन, बाळंतपणं असं एकामागून एक फिरत असतात. एखाद्या सीनियरने चारचौघांत झापलं की ‘मला पेशंटच नकोत’ असं वाटायला लागतं. असा राग महिन्या-दोन महिन्यांत निवतो. त्या रागात निवडलेली शाखा मात्र निस्तरत बसावं लागतं.

रेसिडेन्सीचे अर्ज चौथ्या वर्षाच्या सुरुवातीला, सप्टेंबरात जातात. पॅथॉलॉजीचं रोटेशन बऱ्याच ठिकाणी सक्तीचं नसतं, म्हणून त्याआधी तिने महिनाभराचं इलेक्टिव्ह, म्हणजे ऐच्छिक रोटेशन, मागून घ्यावं. मायक्रोस्कोप सगळ्यांनाच आवडतो. ग्रॉसिंग आवडतं का, ते बघू दे: काढलेला आतड्याचा तुकडा हातात घेऊन मोजायचा, कापायचा, फॉर्मॅलिनचा वास नाकात. शवविच्छेदनही शिकावं लागतं. दुपारी तीनला, कितव्या तरी स्लाइडवर, तिचं लक्ष शाबूत आहे का? शंका आली तर शेजारच्याला ‘जरा बघतोस का?’ म्हणायला ती लाजते का? माझ्या मते या कामात हुशारीपेक्षा हे जास्त लागतं. आणि पेशंटने हात धरून आभार मानल्याशिवाय जिचा दिवस गोड होत नाही, तिने इथे येऊ नये.

राहता राहिल्या पुण्याच्या जाऊबाई. त्यांनी ‘म्हणजे लॅबच ना?’ असं विचारलं, तर त्यांच्या घरात कुणाची बायोप्सी झाली असेल तेव्हा सगळे चार दिवस कुणाच्या सहीची वाट बघत होते, तेवढी आठवण करून द्या.