हवामानबदल: वाटा कुणाचा, अधिकार कुणाचा?

या वेळी निवडलेल्या प्रश्नांचा रोख साधारण एकच आहे: हवामानबदलाच्या बाबतीत घरात घेतलेल्या निर्णयांना किती अर्थ आहे आणि कुठून पुढे ते काम एकट्याचे राहत नाही?

प्रश्न: जगभरात जीवाश्म इंधनांमुळे दरवर्षी सुमारे ३७ अब्ज टन कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. त्यात माझ्या चार-पाच टनांनी काय फरक पडणार?

उत्तर: तुमचे गणित बरोबर आहे, पण निष्कर्ष घाईचा आहे. हे ३७ अब्ज टन म्हणजे अशाच लहान-मोठ्या वाट्यांची बेरीज आहे आणि ‘माझा वाटा नगण्य’ हे वाक्य त्या बेरजेतला जवळजवळ प्रत्येक जण तितक्याच खरेपणाने म्हणू शकतो. शिवाय हे वाटे सारखे नाहीत. ऑक्सफॅम आणि स्टॉकहोम एन्व्हायर्न्मेंट इन्स्टिट्यूट यांच्या २०२० च्या अहवालानुसार १९९० ते २०१५ या काळातील कार्बन उत्सर्जनापैकी सुमारे ५२ टक्के जगातील सर्वांत श्रीमंत १० टक्के लोकांच्या उपभोगातून झाले, तर गरीब निम्म्या लोकसंख्येचा वाटा जेमतेम ७ टक्के होता. म्हणूनच ‘आपण सर्वांनी काटकसर करू या’ हे सरसकट आवाहन मला पटत नाही. ज्याच्याकडे कमी करण्याजोगे काही नाही त्याला संयम शिकवण्यात काही शोभा नाही. वारंवार विमानाने फिरणाऱ्याला मात्र तो जरूर सुचवावा.

त्याच वेळी, निव्वळ संयमाची मजल कुठवर जाते हे २०२० या वर्षाने दाखवून दिले. रस्ते ओस पडले, विमाने धावपट्ट्यांच्या कडेला उभी राहिली, तरी त्या वर्षीचे उत्सर्जन सुमारे ५ टक्क्यांनीच घटले आणि ती घट पुढच्याच वर्षी बहुतांशी भरून निघाली. कोळशावरील वीजकेंद्रे, पोलादाच्या भट्ट्या आणि सिमेंटचे कारखाने आपल्या प्रवासाच्या सवयींवर चालत नाहीत. तिथे गुंतवणुकीच्या कागदांवर सही करणाऱ्यांचा आणि त्यांना परवानगी देणाऱ्यांचा निर्णय चालतो. ज्याची सही जिथे चालते तिथली जबाबदारी त्याची, हा निकष मला त्यातल्या त्यात न्याय्य वाटतो. मतदार, कर्मचारी, भागधारक, सोसायटीचा सभासद अशा नात्यांनी तुमचीही सही घराबाहेर बऱ्याच ठिकाणी चालते.

प्रश्न: फक्त १०० कंपन्या ७१ टक्के उत्सर्जनाला जबाबदार आहेत, असे वाचले. मग सामान्य माणसाला का छळता?

उत्तर: हा आकडा २०१७ च्या ‘कार्बन मेजर्स’ अहवालातील आहे आणि तो १९८८ पासूनच्या औद्योगिक हरितगृह वायूंविषयी आहे. या कंपन्या म्हणजे कोळसा, तेल आणि नैसर्गिक वायू यांचे उत्पादक असून त्यांत सरकारी कंपन्याही आहेत. महत्त्वाचे म्हणजे त्यांच्या नावावर मांडलेल्या उत्सर्जनापैकी सुमारे ९० टक्के उत्सर्जन त्यांचे इंधन विकले जाऊन दुसऱ्या कुणी जाळल्यावर होते. म्हणजे तुमच्या मोटारीतले पेट्रोलही त्या ७१ टक्क्यांतच मोजलेले असू शकते. यामुळे कंपन्या सुटतात असे नाही. नवी तेलक्षेत्रे उघडायची की नाही, कोणत्या कायद्यांना विरोध करायचा, हे तेच ठरवतात. व्यक्तीचा ‘कार्बन फूटप्रिंट’, म्हणजे एका माणसामुळे होणाऱ्या उत्सर्जनाचा हिशेब, ही कल्पना घरोघर पोहोचवण्यात या शतकाच्या पहिल्या दशकात बीपी या तेलकंपनीच्या जाहिरातींचा मोठा हात होता, हेही ध्यानात असू द्या. ग्राहकाने कंपनीकडे आणि कंपनीने ग्राहकाकडे बोट दाखवण्यात दोघांचीही सोय होते.

प्रश्न: घरात विजेची बचत पुरेशी करतो. एसी २६ अंशांवर ठेवतो. याहून अधिक काय करता येईल?

उत्तर: एसीचाच विषय निघाला आहे, तर सहसा दुर्लक्षित राहणारी बाब सांगतो. दर एक-दोन वर्षांनी ‘गॅस भरून घेतला’ असे आपण सहज म्हणतो; पण एसीतील वायूच्या नळ्यांचे मंडल बंदिस्त असते आणि त्यातला वायू वापराने संपत नाही. तो कमी झाला असेल, तर गळून हवेत गेला आहे. अनेक यंत्रांत असलेला आर-४१०ए हा वायू शंभर वर्षांच्या हिशेबाने कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २,००० पट ताप धरतो. घरगुती यंत्रात तो साधारण किलोभर असतो. तो सगळा गळाला, तर दोन टन कार्बन डायऑक्साइड सोडल्यासारखे होते, आणि हे प्रमाण जगातील सरासरी माणसाच्या वर्षभराच्या जीवाश्म उत्सर्जनाच्या दोन-पंचमांश आहे. त्यामुळे तंत्रज्ञ आला की आधी गळती शोधून सांधा दुरुस्त करायला सांगा, नंतरच भरणा. आणि यंत्र काढताना वायू मोकळा न सोडता टाकीत परत ओढून घ्यायला लावा.

बाजारात कोणता वायू मिळावा, हे मात्र तुम्ही ठरवू शकत नाही. ओझोन थराला घातक वायू १९८७ च्या माँट्रियल करारामुळे हटले, ग्राहकांच्या सदिच्छेने नव्हे. त्याच कराराला २०१६ मध्ये जोडलेली, आर-४१०ए सारख्या वायूंचा वापर टप्प्याटप्प्याने घटवणारी किगाली दुरुस्ती नीट अमलात आली, तर शतकाअखेर सुमारे अर्ध्या अंशापर्यंतची तापमानवाढ टळू शकते. तुमचा सांधा आणि तो करार, यांपैकी एकाने दुसऱ्याचे काम होत नाही.

प्रश्न: विमानप्रवासानंतर झाडे लावण्यासाठी पैसे भरले, तर हिशेब मिटतो का?

उत्तर: मिटत नाही. धूर आज निघतो, झाड तो कित्येक वर्षांत शोषते आणि मध्येच वणवा लागला तर परतही करते. पैसे अवश्य द्या, पण प्रवास टाळणे शक्य असेल तर आधी तो टाळा.

प्रश्न: आमच्या इमारतीच्या गच्चीवर सौर पॅनेल बसवण्याचा ठराव दोनदा फेटाळला गेला. आता माझ्या घरापुरते पाहून गप्प बसावे का?

उत्तर: गप्प बसू नका, पण आधी विरोध नेमका कशाला आहे ते पाहा. बहुधा तो सूर्याला नसतो. वरच्या मजल्यावरच्यांना स्लॅबला भोके पडून गळती होण्याची धास्ती असते, भाडेकरूंना आपला लाभ दिसत नाही आणि थोड्याच दिवसांत घर विकणाऱ्याला वर्गणी नको असते. सामाईक साधनांच्या वापरावरील संशोधनासाठी २००९ चे अर्थशास्त्राचे नोबेल मिळालेल्या एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी दाखवले की नियम वापरणाऱ्यांनीच बनवलेले असतील आणि देखरेखही त्यांचीच असेल, तर अशी व्यवस्था दीर्घकाळ टिकू शकते. पर्यावरणावरचे भाषण पुन्हा करण्यापेक्षा हा मार्ग धरा. लिफ्ट, पंप आणि जिन्यातील दिव्यांचे वर्षभराचे सामाईक बिल बैठकीत ठेवा. फक्त तेवढ्या भारापुरतेच पॅनेल सुचवा. भोके न पाडता वजनाने स्थिरावणाऱ्या सांगाड्याची चौकशी करा. आणि गळती झाल्यास दुरुस्ती कुणाच्या खर्चाने होईल, हे ठरावातच लिहून घ्या. कॅलिफोर्नियातील नोंदींच्या अभ्यासात, परिसरात आधीच पॅनेल असतील तर शेजारीही ते बसवण्याची शक्यता वाढते, असे आढळले आहे. तेव्हा जवळच्या एखाद्या इमारतीत ती असतील, तर सभासदांना तिथली गच्ची दाखवून आणा. ठराव तिसऱ्यांदा मांडताना शक्य झाल्यास वरच्या मजल्यावरच्या सभासदाला सूचक करा आणि अनुमोदक तुम्ही व्हा.